प्रासादिक वाणी आणि घरातील ओसरी

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घरोघरी देवघरे पहाटेच उजळली असतील. परडीतील काळ्या मातीत सप्तधान्य पेरले गेले असेल, कलशावर श्रीफळ विराजमान झाले असेल, विड्याच्या पानांची पहिली माळ चढली असेल आणि नंदादीप प्रज्वलित झाला असेल. नऊ अहोरात्र त्या दिव्यात तेल आहे ना, वातीवर काजळी धरली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी बहुतेक घरांत एकाच व्यक्तीकडे असते. त्या गृहिणीस प्रथम वंदन करून आजच्या विषयास हात घालावा, हे उचित होय.

घटस्थापनेच्या ह्याच तिथीस महाराष्ट्रातील एका थोर साधिकेने देह ठेवला, ह्याचे स्मरण मात्र फारच थोड्या घरांत होते. शके १६२२, म्हणजे इसवी सन १७०० च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेस शिऊर येथे संत बहिणाबाई वयाच्या बहात्तराव्या वर्षी निजधामास गेल्या. शिऊर हे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात आहे. तेथे त्यांची समाधी आहे. खानदेशी बोलीत संसाराची आणि शेतीभातीची गाणी गाणाऱ्या बहिणाबाई चौधरी ह्या निराळ्या. त्या अलीकडच्या, इसवी सन १८८० ते १९५१ ह्या काळातील. नामसाम्यामुळे दोघींची गल्लत होते, आणि व्यासपीठावरून बोलणारेही ती करतात, म्हणून हा खुलासा. वारकरी संप्रदायास मंदिराची उपमा देऊन ज्ञानदेवांनी पाया घातला आणि तुकोबा त्याचा कळस झाले, असे सांगणारा जो अभंग प्रत्येक कीर्तनात निघतो, तो शिऊरच्या ह्या बहिणाबाईंचा आहे. अभंग सर्वांच्या मुखी आहे, पण तो रचणारी माउली कोणत्या वाटेने चालत आली, हे ठाऊक असणारे विरळा.

ती वाट त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. जुन्या मराठी वाङ्मयात स्त्रीने स्वतःचे चरित्र स्वतःच्या मुखाने सांगितल्याची उदाहरणे शोधावी लागतात. मुक्ताबाई, जनाबाई, वेणाबाई ह्यांच्या रचनांतून त्यांचे जीवन डोकावते. पण जन्मगाव, आईबाप, विवाह, मारहाण, प्रवास, आजार, स्वप्न असे सगळे क्रमाने सांगणारे बहिणाबाईंचे अभंग ही एक निराळीच ठेव आहे. त्या अभंगांस ‘आत्मनिवेदन’ म्हणतात. नवविधा भक्तीतील नववी, शेवटची भक्ती तीच. श्रवणापासून आरंभ करून ह्या नवव्या पायरीवर एक गृहिणी कशी पोहोचली, हे नवरात्राच्या प्रारंभी पाहावे, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म इसवी सन १६२८ चा. गाव वेरुळाच्या परिसरातील देवगाव. वडील आउजी कुलकर्णी, आई जानकी. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी अजाण वयात त्यांचे लग्न झाले. वर शिऊरच्या पाठक घराण्यातील, वैदिक वृत्तीचा, तिशीच्या घरातील बिजवर. मुलगी नऊ वर्षांची असेल नसेल, तोच घरातील कलहापायी आईबाप, जावई आणि लेकरे अशा सर्वांनाच देवगाव सोडणे भाग पडले. गोदातीरावरून भिक्षा मागत, पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करीत ते कुटुंब कोल्हापुरास आले आणि एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी आश्रयास राहिले.

ध्यानमार्गाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर गुहा येते, नदीकाठची शिळा येते, फार तर डोंगरमाथ्यावरचे एखादे निर्जन देऊळ येते. तुकोबांस भामचंद्र आणि भंडारा हे डोंगर होते. बहिणाबाईंच्या वाट्यास परक्याच्या घरातील आसरा आला. मागे आईबाप, पुढे शीघ्रकोपी पती, आणि घरधन्याचे उपकार डोक्यावर. तेथे एकान्त कोठून मिळणार? मात्र कोल्हापूर हे पुण्यक्षेत्र होते. महालक्ष्मीच्या त्या नगरीत कथाकीर्तनांची वाण नव्हती. जयरामस्वामींची कीर्तने चालत, आणि त्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग ह्या अकरा वर्षांच्या मुलीच्या कानी पडत. तिच्या साधनेचा आरंभ तो. कोणी तिला आसन शिकविले नाही, प्राणायाम शिकविला नाही. ती ऐकत गेली आणि ऐकलेले विसरली नाही, एवढेच. देवगावी असताना सख्या खेळत, तेव्हा आपण देवाचे नाव घेत होतो, असेही त्या सांगतात. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती.

ह्याच घरी त्या वासराचा प्रसंग घडला, जो कीर्तनकार मोठ्या रसाळपणे सांगतात. घरधन्याला दानात मिळालेली काळी गाय आणि तिचे वासरू त्याने बहिणेच्या पतीस दिले. त्या वासरास बहिणेचा असा लळा लागला की, ती असेल तेथे ते असे; ती नसली तर चाऱ्यास तोंड लावीत नसे. ती कीर्तनास निघाली की तेही मागोमाग जाई. एकदा गर्दीमुळे लोकांनी त्यास बाहेर काढले. मुलगी रडू लागली. जयरामस्वामींच्या कानी हे जाताच त्यांनी वासरास आत आणविले आणि मुलीच्या मस्तकावर हात ठेविला.

त्या हातामुळे अनर्थ ओढवला. कोणीतरी पतीच्या कानी लागले. वैदिक ब्राह्मणाच्या पत्नीने भर सभेत एका गोसाव्याची कृपा घ्यावी, हे त्यास सहन झाले नाही. त्याने तिचे केस धरून तिला मारले, हातपाय बांधून टाकिले. गाय आणि वासरू हंबरत राहिली, त्यांनी गवतपाणी सोडले. अखेर घरधन्याने मध्ये पडून तिची सुटका करविली. मुलीचे वय, आम्ही पुन्हा सांगतो, अकराच्या आसपास.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हा प्रसंग सांगताना आमचे अनेक प्रवचनकार असे सांगतात की, सोने अग्नीत तापल्यावाचून उजळत नाही. पतीच्या छळामुळेच बहिणाबाईंची भक्ती शुद्ध झाली. श्रोते माना डोलावतात. आम्हांस हा अर्थ मान्य नाही. तो मार त्यांच्या साधनेचे अंग नव्हता, ते साधनेवरील विघ्न होते. विघ्न ओलांडून जाणाऱ्याचे थोरपण गावे. पण त्यासाठी विघ्नाचीच आरती ओवाळण्याचे कारण नाही. बहिणाबाईंनी स्वतः ते दुःख दुःख म्हणूनच सांगितले आहे. त्यावर गोड शब्दांचा मुलामा चढविलेला नाही. स्त्रीच्या देहाला आल्यामुळे परमार्थाची दारे आपल्याला बंद झाली, वेदशास्त्रे ऐकण्याचा अधिकार नाही, मग देव भेटावा कसा, हा प्रश्न त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारला आहे. ज्या पोथीस आपण हात जोडतो, त्या पोथीतला हा प्रश्न ऐकून घेण्याचे धैर्य आपल्यापाशी असावयास हवे. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुऊन तिला जेवू घालणाऱ्या समाजास तर ते अधिकच असावयास हवे.

पुढे ते वासरू गेले. तिच्या जिवास असा धक्का बसला की, ती देहभान हरपून पडली. त्या अवस्थेत तिचे चित्त एकाच गोष्टीवर खिळले होते. ज्यांचे अभंग कानांवरून आत उतरले होते, ते देहूचे तुकोबा आपल्याला भेटावेत. तुकोबांस तिने पाहिले नव्हते. त्यांचे रूप ठाऊक नव्हते. शब्द तेवढे ठाऊक होते. ध्यानाची जी लक्षणे शास्त्रकार सांगतात, चित्त एका ठिकाणी लागणे, तेथेच ते धारेसारखे वाहत राहणे, ती येथे आपोआप सिद्ध झाली. अखेर तुकोबा स्वप्नात आले. त्यांनी मस्तकी हात ठेविला, कानात मंत्र सांगितला. तुकोबांना स्वतःलाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. गुरूला जसे मिळाले तसेच शिष्येला मिळाले. तेथे जात आडवी आली नाही, स्त्रीदेह आडवा आला नाही, कोल्हापूर आणि देहू ह्यांमधील अंतरही आडवे आले नाही.

स्वप्नातील उपदेश खरा मानावा काय, असा प्रश्न आजचा सुशिक्षित वाचक विचारील. आम्ही एवढेच म्हणू की, त्या स्वप्नाची परीक्षा जागेपणी झाली, आणि ती कठोर झाली.

लोक ह्या मुलीच्या दर्शनास येऊ लागले. पतीचा संताप अधिकच वाढला. ब्राह्मणाच्या घरातील स्त्रीने शूद्राचा उपदेश स्वप्नात का होईना, घेतलाच कसा, हा एक राग. दुसरा राग त्याहून खरा आणि माणसाच्या स्वभावास धरून आहे. लोक हिला नमस्कार करावयास येतात, मला गवताच्या काडीसारखे लेखतील, असे त्यास वाटले. हे त्याच्या मनातले बहिणाबाईंनी लपविलेले नाही. विशेष म्हणजे त्यात कडवटपणाही नाही. त्याने घर सोडून जाण्याचा निश्चय केला. पत्नी त्या वेळी गर्भवती होती.

आणि येथे ह्या साधिकेच्या मनाची जी उलघाल त्यांनीच नोंदविली आहे, ती वाचून आम्ही तरी प्रत्येक वेळी स्तब्ध होतो. पतीवाचून आपले कोण, त्याच्यावाचून हा देह काय कामाचा, असे त्यांच्या मनाने घेतले. पाषाणाचा देव आणि स्वप्नात आलेला गुरू ह्यांच्यापायी डोळ्यांसमोरचा संसार का गमवावा, इतक्या उघड्या शब्दांत ही शंका त्यांनी लिहून ठेविली आहे. पुढे संतपदास पोहोचलेल्या कोणाही साधकास आपल्या श्रद्धेची ही डळमळ झाकून ठेवता आली असती. त्यांनी ती झाकली नाही. प्रवचनकारांनी टाळलेला भाग हाच, आणि आमच्या मते आत्मनिवेदनाचा गाभाही हाच. देवापुढे आपला संशयसुद्धा ठेवता आला, तरच ते निवेदन आत्म्याचे.

पती निघण्यापूर्वीच आजारी पडला. अंगाचा दाह, अन्न नाही, औषध लागू नाही. बहिणाबाई रात्रंदिवस शुश्रूषा करीत राहिल्या. त्या आजारात त्याच्या मनाने उलट खाल्ली. ज्याची आपण निंदा केली, त्या संताचाच हा कोप नसेल ना, असे त्यास वाटले. बरा झाला तो निराळाच माणूस होऊन. पत्नीस सोडून जाण्याऐवजी पत्नी, सासू, सासरा, गाय अशा सर्वांस घेऊन तो थेट देहूस निघाला. बहिणाबाईंच्या पतीस आम्ही खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. आपले चुकले हे उमगल्यावर लोकांदेखत पाऊल मागे घेणे सोपे नसते. वैदिकपणाचा ताठा बाळगणाऱ्यास तर नसतेच.

देहूस तुकोबा प्रत्यक्ष दिसले, तेव्हा स्वप्नातील मूर्ती आणि समोरील मूर्ती एकच निघाली, असे बहिणाबाई सांगतात. ह्यानंतर सगळे सुखाचे झाले असावे, असे वाचकास वाटेल. तसे झाले नाही. देहूतील मंबाजी गोसावी, तुकोबांचा तो प्रसिद्ध निंदक, ह्यांच्या मागे लागला. ब्राह्मण असून शूद्राचे शिष्य झाला म्हणून त्याने ह्या कुटुंबास नाना परींनी पिडले. त्यांची गायसुद्धा त्याच्या रागातून सुटली नाही. गायीस दांडक्याने मारले तेव्हा त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, ही आख्यायिका भाविकांच्या परिचयाची आहे.

ह्या धामधुमीतच बहिणाबाई देहूस बाळंत झाल्या. कन्या झाली, तिचे नाव काशी. आणि त्यानंतर केव्हातरी त्यांच्या मनाने घेतले की, तीन दिवस विठ्ठलाच्या सन्निध केवळ ध्यानात बसावे. त्या बसल्या. तुकोबांचे पुन्हा दर्शन झाले, अमृताचा घोट मिळावा तशी तृप्ती झाली आणि तेथून वाणी वाहू लागली, असे त्यांचे कथन आहे. कोल्हापूरच्या आसऱ्यापासून ह्या तीन दिवसांपर्यंत किती वर्षे गेली, किती अपमान गिळले गेले! तीन दिवसांच्या ध्यानाने अभंग सुचू लागले, असे म्हणणे म्हणजे घटातील धान्य एका रात्रीत उगवले असे म्हणण्यासारखे आहे. अंकुर दिसतो एके सकाळी. मातीत त्याचे काम आधीपासून चाललेले असते.

‘प्रासादिक’ हा शब्द हल्ली आपण फार सैल हाताने वापरतो. एखादे गीत कानास गोड लागले की ते प्रासादिक. वस्तुतः प्रसाद म्हणून जे हाती आले, ते प्रासादिक. आणि प्रसाद कसा होतो, हे घरातील लहान मूलही सांगेल. आधी नैवेद्य दाखवावा लागतो. ताटच मांडले नाही तर प्रसाद कोठून येणार? बहिणाबाईंच्या ताटात काय होते? कानांनी साठविलेले अभंग होते, एका मुक्या जनावरावरील माया होती, पाठीवरचे वळ होते, पतीच्या उशाशी काढलेल्या रात्री होत्या, बाळंतपण होते, आणि तो संशयही होता. हे सगळे त्यांनी देवापुढे मांडले. त्यातले काही निवडून, काही लपवून नव्हे. जे परत मिळाले त्यास आपण गाथा म्हणतो. ध्यान शिकविणारी शिबिरे आज गावोगावी भरतात, त्यांची शुल्केही ठरलेली असतात. काहींचा तेथे लाभ होत असेल, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु आठ दिवसांत चित्त स्थिर आणि पंधराव्या दिवशी स्फूर्ती, अशा अपेक्षेने तेथे जाणाऱ्यांनी हे ताट एकवार पाहावे.

त्या वाणीने पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. मंबाजीने जो प्रश्न दांडक्याने विचारला होता, ब्राह्मण कोणास म्हणावे, त्याचे उत्तर बहिणाबाईंनी अभंगांत दिले. वज्रसूची उपनिषदाचा आशय त्यांनी मराठीत आणला: देह ब्राह्मण नव्हे, जात ब्राह्मण नव्हे, पांडित्य ब्राह्मण नव्हे, ज्याने ब्रह्म जाणिले तो ब्राह्मण. सतराव्या शतकातील एका ब्राह्मण गृहिणीने हे लिहावे, तेही शूद्र म्हणून हिणविलेल्या गुरूच्या बाजूने उभे राहून, ही गोष्ट लहान नाही. ज्या शास्त्राच्या श्रवणाचा अधिकार नाकारला गेला होता, त्याच शास्त्राचा आधार घेऊन त्यांनी उत्तर दिले. आणि त्यात एकही शिवी नाही.

ह्याच बहिणाबाईंनी पतिव्रतेच्या धर्मावरही अभंग लिहिले आहेत, पतीची सेवा हाच देव असे बजावले आहे. हे वाचून आजच्या काही अभ्यासकांचा विरस होतो. तर काही परंपराभिमान्यांना तेवढेच अभंग पुरेसे वाटतात. आम्हांस दोघांचीही घाई खटकते. वेदाधिकाराबद्दल प्रश्न विचारणारी, पाषाणाच्या देवाविषयी संशय बोलून दाखविणारी आणि पतीच्या पायी निष्ठा वाहणारी, ही एकच स्त्री आहे. तिची अर्धी पोथी बांधून ठेवून उरलेल्या अर्ध्या पोथीचे पारायण करणे हे पारायण नव्हे. सुदैवाने ती पोथी समग्र उपलब्ध आहे. अमेरिकेहून आलेले आणि मराठी संतवाङ्मयात आयुष्य घालविलेले जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी बहिणाबाईंच्या आत्मचरित्राचे व अभंगांचे इंग्रजी भाषांतर मूळ मराठीसह इसवी सन १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. परधर्मीय पंडिताने जे आस्थेने वाचले, ते आपल्या देवघरातील कपाटात असू नये, हे काही भूषण नव्हे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. गेल्या वर्षी ह्याच सुमारास एक गृहस्थ आमच्याकडे एक वही घेऊन आले. वही कसली, दुधाच्या हिशेबाच्या कोऱ्या राहिलेल्या पाठपानांची दोऱ्याने शिवलेली चळत होती ती. त्यांच्या मातोश्री निवर्तल्यावर पोथ्यांच्या फडक्यात ती सापडली. आत ओव्या होत्या, काही अभंग होते. काही पुरे, काही एका चरणावर थांबलेले. एका पानावर अर्ध्या ओवीपुढे ‘दूध उतू गेले’ एवढेच लिहिले होते. चाळीस वर्षे एका घरात राहून आई लिहीत होती, हे मुलास ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, “ह्यात छापण्याजोगे काही आहे का?” आम्ही चाळून पाहिले. काही ओव्या खरोखर चांगल्या होत्या. परंतु आम्ही त्यांना दुसरेच विचारले: हे तुम्ही घरात कोणास वाचून दाखविले का? त्यांनी मान हलविली. नाही.

नवरात्राचे सोवळेओवळे, नैवेद्य, माळा, फुलोरा, अष्टमीचे होम, येणाऱ्या सवाष्णींची ओटी, हे सर्व ज्या हातांनी होते, त्या हातांस जपमाळ धरण्यास नऊ दिवसांत किती वेळ मिळतो? सप्तशतीचा पाठ घरातील पुरुष किंवा गुरुजी करतात. ती बाई स्वयंपाकघरातून ऐकते, तेही कुकरच्या शिट्ट्यांमधून. देवीचा उत्सव आणि देवीच्याच अंशास उसंत नाही, अशी ही विसंगती आहे. काही कुटुंबांतून आता मुलगे, जावई पुढे होऊन कामे वाटून घेतात, हे आम्ही पाहिले आहे, त्याचे कौतुकही वाटते. बाकीच्यांना आमची विनंती मोठी नाही. ह्या नऊ दिवसांत रोज एक घटका दिव्याची वात दुसऱ्या कोणी सांभाळावी, स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे, आणि तिला देवापुढे नुसते बसू द्यावे. ती डोळे मिटील, नाम घेईल, कदाचित तिला झोप लागेल. लागू द्यावी. आणि ती काही लिहीत असेल तर, “काय लिहितेस?” असे हसून नव्हे, ऐकण्याच्या इच्छेने विचारावे.

बहिणाबाईंचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, ते केवळ त्या लिहीत होत्या म्हणून पोहोचले असे नव्हे. ज्या पतीने एकदा हातपाय बांधले होते, तो पुढे ऐकणारा झाला. आणि ऐकणारा मुलगा झाला. देहूहून कुटुंब पुढे शिऊरास येऊन राहिले, तेथेच बहिणाबाईंचे उत्तरायुष्य गेले. अंतकाळ जवळ आल्याचे त्यांना कळले, तेव्हा मुलगा विठोबा परगावी होता. त्यास निरोप धाडून बोलावून घेतले. तो आला, आईच्या जवळ बसला. तेव्हा त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची हकीगत त्यास क्रमाने सांगितली. कोणत्या जन्मी कोठे होते, काय साधले, काय अपुरे राहिले. तो प्रश्न करीत होता, आई उत्तर देत होती, आणि ते सारे अभंगांत उतरत होते. बारा जन्म सांगून झाल्यावर हा तेरावा. त्याची हकीगत त्याला सांगावी लागली नाही, तो तिच्यातच वाढला होता.

बाहेर गावात त्या दिवशी घट बसत होते.